बेंबीच्या डावीकडे दोन बोटं

१२ मार्च

कमरेचे पट्टे बनवणाऱ्यांच्या अदूरदर्शीपणाविषयी कुणीतरी एकदा लेखी निषेध नोंदवायला हवा. तो मी येथे नोंदवतो. पट्ट्याला भोकं पाच. विकत घेताना माणूस त्यातलं पहिलं वापरतो आणि पुढची चार त्याच्या भावी उत्कर्षासाठी राखून ठेवलेली असतात. पोट पुढे येणार हे गृहीतच. ते मागेही सरू शकतं, ही कल्पना कारखानदाराच्या मनाला शिवत नाही. एखाद्या सद्गृहस्थाने उतारवयाआधीच उतरायचं ठरवलं, तर त्याने विजार कशाच्या भरवशावर घालावी?

सबब आज सहावं भोक मीच पाडलं, पहिल्याच्याही अलीकडे, मुलीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने. तिने कामाची पाहणी करून निर्णय दिला, "बाबा, हे भोक ओळीत नाहीये." वय वर्षं नऊ. लग्नानंतर फार उशिरा आली आणि आल्यापासून आमच्या चुका काढते आहे. घरात तिला आम्ही उपसंपादक म्हणतो.

कचेरीत मात्र माझ्या कृशतेचं कौतुक चाललं आहे. छायाचित्रकार एकटाच खवचट. "काय रे, प्रेमात पडलास की पोटात जंत झालेत?" मी म्हटलं, दोन्हीत फरक काय? तो म्हणाला, "जंतांवर औषध असतं."

नगरसभेत आज मनोऱ्यावरच्या बंद घड्याळावर चर्चा होती. मला मधेच तीनदा उठावं लागलं: दोनदा पाणी प्यायला आणि एकदा प्यायलेल्या पाण्याची परतफेड करायला. परत आलो तेव्हा मतदान उरकलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "वार्ताहरांनी सभात्याग केल्याची नोंद घ्यावी."

तहान ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पाणी पिऊन ती जात नाही, फक्त जागा बदलते. आणखी एक नोंद: संडासाच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली आहे. त्यांना तिथे असं काय सापडलं असेल? वेळ काढून बघायला हवं.

१५ मार्च

हिची रस्त्याकडची खोली म्हणजे कपडे कमी-जास्त करून देण्याचं दुकान. गल्लीतल्या सगळ्या कमरांचा इतिहास तिला तोंडपाठ. आज माझी विजार आत घ्यायला म्हणून तिने टेप लावला, पुन्हा लावला, आणि टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या. हे तिच्या गंभीर होण्याचं लक्षण.

"अहो, चार बोटं."

"छान!"

"छान काय? धुतल्यावर कापड आटतं. माणूस नाही आटत. उद्याच्या उद्या रक्त तपासून या."

"नगरसभेत उद्या..."

"नगरसभेचं घड्याळ काही उद्या चालू होत नाहीये."

मी रक्त द्यायला जायचं कबूल केलं.

१७ मार्च

रक्ताचा अहवाल न्यायला गेलो तर प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "तुम्ही चालत आलात?" मला वाटलं, तब्येतीचं कौतुक करतोय.

डॉक्टरीणबाई माझ्या विजारीपेक्षा वयाने थोड्याच मोठ्या असतील. कागद बघून त्यांनी सरळ सांगितलं: मधुमेह, आणि बराच पुढे गेलेला. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात नुसती फिरते आहे, तिला पेशींत शिरता येत नाही. म्हणून शरीर आता स्वतःलाच खायला लागलं आहे. म्हणून वजन कमी, म्हणून तहान, म्हणून सभात्याग.

मी धंद्याच्या सवयीने विचारलं, "हे कधीपासून?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय," त्या म्हणाल्या.

गोळ्यांवर भागेल का, असं मी विचारलं. म्हणाल्या, पुढे बघू, आत्ता इन्सुलिन. मी म्हटलं, इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असं लोक म्हणतात. त्या म्हणाल्या, "लोक जिना चढत नाहीत म्हणून त्यांना प्रत्येक पायरी शेवटची वाटते." ही बाई अग्रलेख लिहू शकेल.

घरी येताना मात्र रस्त्याच्या मधोमध हसू आलं. ज्याने तरुणपणी सात वर्षं संस्कृतात घालवली, 'मधुमेह' या शब्दाचा विग्रह जो झोपेतही करून दाखवील, त्याला लघवीतला मध आधी मुंग्यांनी दाखवला आणि तरी कळला नाही! गुरुजी असते तर म्हणाले असते, पाठांतर उत्तम, अर्थाच्या नावाने आनंद.

१८ मार्च

दवाखान्यात सिस्टरांकडे शिकवणी. उपसंपादकाची शाळा सुटली होती, म्हणून तीही बरोबर. हे रोजचंच आहे. दुपारी तिला शाळेतून घेऊन चालत घरी आणणं हे घरातलं माझं एकमेव खातं. वाटेत तो मोठा रस्ता लागतो. तिथे फुटपाथच्या कडेला उभं राहून मी मंत्र म्हणतो, "दक्षिणतः, वामतः, पुनर्दक्षिणतः," म्हणजे उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा. मग ती म्हणते, "चला!" तिच्या 'चला'शिवाय पाऊल उचलायचं नाही, हा करार पहिलीपासूनचा.

तर सिस्टर. मोठ्या आवाजाच्या, लहान पावलांच्या. इन्सुलिनचं पेन हातात देऊन म्हणाल्या, "पोट चिमटीत धरा, सुई सरळ घाला, बटण दाबा, थोडं थांबा, काढा."

मी सुई निरखत राहिलो. केसापेक्षा जरा जाड आणि टोकाला तिरकस तासलेली. ही कोण कशी तासत असेल?

"घाबरलात?"

"नाही, विचार करतोय."

"विचार करणाऱ्यांच्या सुया वाकतात. घाला."

घातली. एखाद्या माणसाने आपल्याविषयी काहीतरी टोचून बोलावं आणि ते आपल्याला उद्या कळावं, इतपतच दुखलं.

मग त्यांनी साखर अचानक खाली गेली तर काय होतं ते सांगितलं: घाम, थरथर, भूक, चिडचिड, नजरेत धूसरपणा, असंबद्ध बोलणं. तसं झालं की ताबडतोब साखर खायची. उपसंपादकाने हात वर केला.

"बाबा नेहमीच असंबद्ध बोलतो. मग ओळखायचं कसं?"

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हुशार आहेस. मग तू दुसरं काहीतरी शोध. बाबा रोज न चुकता करतो, आणि ते करायचं विसरला तर तुला लगेच कळेल, असं." ती विचारात पडली.

घरी आल्यावर हिने भांडी आवरता आवरता विचारलं, "काही दिवस तिला आणायला मी जात जाऊ का?"

"का? माझे पाय चांगले आहेत."

"पायांचं नाही हो म्हणत मी."

मी विषय बदलला. एका खात्याच्या मंत्र्याकडून तेही काढून घेतलं, तर तो घरात नुसता राज्यपाल उरतो.

२६ मार्च

आयुष्यात एवढं रोचक काही हाती लागलं नव्हतं. साखर मोजायचं यंत्र म्हणजे स्वतःच्या आतल्या बातमीदाराशी थेट संपर्क. बोट टोचा, थेंब द्या, तो आकडा सांगतो. 'खात्रीलायक सूत्रांकडून' वगैरे काही नाही.

माझे शोध: संपादकांच्या बैठकीनंतर साखर चढते, जरी बैठकीत चहासुद्धा मिळत नसला तरी. छायाचित्रकाराशी भांडल्यावर चढते. त्याला हरवल्यावरही चढते. उपसंपादकाबरोबर शाळेपासून घरापर्यंत चालत आलो की हमखास उतरते. छायाचित्रकाराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मला हरवू नकोस आणि तिला शाळेतून दोनदा आण."

ही म्हणते, "किती वेळा टोचून घ्याल? बोटं आहेत की चाळणी?"

सुईचीही जागा सापडली. सिस्टर म्हणाल्या होत्या, जागा बदलत जा. आज इथे, उद्या तिथे. पहिले दोन दिवस तसं केलं. प्रत्येक नवी जागा नव्या शेजाऱ्यासारखी तक्रार करते. मग बेंबीच्या डावीकडे दोन बोटं अंतरावर एक स्थान मिळालं, जिथे सुई गेल्याचं कळतही नाही. दिवसेंदिवस ते आणखी समंजस होत चाललं आहे. अभ्यासाने काय साध्य होत नाही? जागा बदलण्याची सूचना सामान्य रुग्णांसाठी असणार. नगरसभेत मी पत्रकारांच्या बाकाचं डावं टोक इतकी वर्षं धरून आहे की लाकडाला माझा आकार आला आहे. तिथे मला कधी काही टोचलं नाही. जो स्थिर झाला त्याला आसन त्रास देत नाही. हा सिद्धान्त देहालाही लागू पडावा.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहितो, कारण हिला सांगता येणार नाही. साखर खाली जाते तेव्हा आतून कसं वाटत असेल, याची मला विलक्षण उत्सुकता लागली आहे. घाम, थरथर हे सगळं बाहेरच्यांचं वर्णन. आतला वृत्तान्त कुणी दिलेला नाही.

१४ एप्रिल

साखर पुन्हा चढते आहे. खाणं तेच, चालणं तेच. डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली.

२१ एप्रिल

आणखी वाढवली. "सुईची जागा बदलताय ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी "हो" म्हणालो. हे अगदीच असत्य नाही. सकाळी खुर्चीत बसून घेतो, दुपारी कचेरीच्या जिन्याखाली, रात्री पलंगावर. जागा बदलतेच की.

त्यांनी कागद उलटून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "विचित्र आहे." मलाही तेच वाटतं. विचित्र गोष्टींनी मला नेहमीच उत्साह येतो. इन्सुलिन एवढं जातं, मग पोहोचतं कुठे? वाटेत कुणीतरी खातंय. नगरसभेच्या रस्तेदुरुस्तीबद्दलही मी हेच विचारत आलो आहे.

२९ एप्रिल

विजार पुन्हा बाहेर घ्यायची वेळ आली, म्हणजे अंगावर थोडं मांस चढलं आहे. ही खूश. मला भिंतीशी उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या, आणि कमरेवर हात फिरवता फिरवता थांबली. टाचण्या बाहेर.

"हे काय?"

"काय?"

"इथे. हात लावून बघा. उशीतला कापूस एका जागी गोळा होतो ना, तसं लागतंय."

मी हात लावला. खरंच. बेंबीच्या डावीकडे दोन बोटं. त्वचेखाली एक मऊ, घट्ट उंचवटा, उलट्या बशीएवढा. इतके दिवस मी त्याच्यावर रोज सुई चालवत होतो आणि ते कधी निरखलं नव्हतं. काय वेडा आहे मी!

"रोज तिथेच टोचताय?" हिने विचारलं.

"तिथे दुखत नाही."

"दुखत नाही कारण तिथे आता तुम्ही नाहीच. तिथे हा गोळा आहे." आणि मग, शांतपणे, "उद्या सिस्टरांना फोन करा. तोवर आपल्या मनाने काही करू नका. कळलं? आपल्या मनाने काही नाही."

मी मान डोलावली. पण मनात आता लख्ख उजेड पडला आहे. वाटेत कोण खातंय ते सापडलं! इन्सुलिन त्या गोळ्यात मुरत होतं, म्हणून पुरत नव्हतं. उद्या दुपारचं उजवीकडे, ताज्या जागी घेऊन बघायचं, वाढवलेलीच मात्रा. साखर उतरली तर अनुमान सिद्ध. मग फोन. केवळ एका सूत्रावर बातमी छापायची नसते.

३० एप्रिल, संध्याकाळ

अनुमान सिद्ध झालं. साखर उतरली, आणि कशी!

क्रमाने लिहितो. दुपारी जिन्याखाली उजव्या बाजूला घेतलं. जरा चुरचुरलं. डबा उघडला, तोच नगरसभेतून निरोप आला की घड्याळाचा ठराव पुन्हा चर्चेला येतोय, म्हणून अर्धा डबा ठेवून धावलो. ठराव पुन्हा तहकूब. तिथून थेट शाळेत.

आणि मग चालणं. असं चालणं आयुष्यात झालं नाही. ऊन होतं पण ते लागत नव्हतं. प्रत्येक वस्तूला नुकतीच कुणी कड काढून दिल्यासारखी कड होती. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघत बसावं इतकी देखणी; त्यांचा अर्थ लावायची गरजच नव्हती. रस्त्यावरचे पांढरे पट्टे तर! पांढरा, काळा, पांढरा, काळा. एवढी साधी रचना आजवर माझ्या लक्षात कशी आली नाही, याचं नवल वाटून मी ती जरा वेळ बघत उभा राहिलो. गाड्या वाजत होत्या. त्यांचा आवाज दूरच्या लग्नघरातल्यासारखा, आपल्याशी संबंध नसलेला.

तिथे एक छोटी मुलगी भेटली. कुणाची ते ठाऊक नाही. चुणचुणीत, पण जरा हट्टी; माझा पट्टा धरून ओढत होती. मुलांशी अदबीनेच बोलावं या मताचा मी असल्याने तिची सभ्यपणे चौकशी केली. मग सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो आणि तोंडात साखर होती, पेन्सिलीच्या चवीची. त्यानंतर हळूहळू घाम जाणवला, पाय जाणवले, ऊन लागायला लागलं. म्हणजे सिस्टरांनी सांगितलं ते हेच. किंचित खाली गेली असणार. घरी येऊन आकडा पाहिला, ठीक होता.

तर आतला वृत्तान्त असा: आतून अगदी काही वाटत नाही. उलट फार सुंदर वाटतं. हे कुणी कसं सांगितलं नाही?

उपसंपादक या सगळ्यात कुठे होती, ते आठवत नाही. बरोबर असणारच, तिला शाळेच्या दारात घेतलं हे स्पष्ट आठवतं. आल्यापासून गप्प आहे. आईला म्हणाली, "बाबा दमलाय." जेवताना मी मुद्दाम एक वाक्य चुकीचं बोललो, तर तिने ते दुरुस्त केलं नाही. अभ्यास जास्त झाला असेल.

१ मे

सकाळी हिने शिलाईचं यंत्र बंद केलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसली. "काल काय झालं ते तिने मला झोपताना सांगितलं. आता तुम्ही तिला विचारा. तिच्या तोंडून ऐका."

मी विचारलं. साक्षीदाराचा जबाब मधे न बोलता घ्यावा, हा माझा नियम. जसा दिला तसा लिहितो.

"तू शाळेच्या दारात आलास तेव्हा बरा होतास. थोडा जोरात हसत होतास. मोठ्या रस्त्याशी आलो. मी थांबले. तू दक्षिणतः म्हणशील म्हणून. तू म्हणालाच नाहीस. तू तसाच चालायला लागलास."

"आणि तू?"

"मी 'चला' नव्हते म्हणाले, बाबा! तरी तू गेलास. मग मी पळत आले. तू पट्ट्यांवर मधेच उभा राहिलास आणि खाली बघायला लागलास. गाड्यावाले ओरडत होते. एक काका काच खाली करून तुला शिवी देत होते. मी तुझा हात ओढला तर तू सोडवून घेतलास. म्हणून मी रडत रडत तुझा पट्टा धरला."

"मग?"

"मग तू माझ्याकडे बघितलंस आणि..." इथे तिने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. "आणि म्हणालास, 'आपण कुणाकडच्या?'"

मी तेही लिहून घेतलं.

"मला 'आपण' म्हणालास. हसून. मला वाटलं, गंमत करतोयस. पण तू गंमत करतोस तेव्हा तुझी एक भुवई वर जाते. ती वर नव्हती." आणि मग, "सिस्टर म्हणाल्या होत्या ना, शोध. मी तेव्हाच शोधलं होतं. दक्षिणतः. तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू मुद्दाम लक्षात ठेवून म्हणाला असतास."

साखरेचे खडे ती सिस्टरांच्या शिकवणीच्या दिवसापासून कंपासपेटीत ठेवते आहे, पेन्सिलींच्या खाली. पट्ट्याला धरून तिने मला सायकलच्या दुकानापर्यंत आणलं. दुकानदाराने पायरीवर बसवलं. खडे तिने भरवले. माझ्या दातांनी तिचं बोट चावलं गेलं. तिने बोट दाखवलं. वळ आहे.

ती छोटी मुलगी. चुणचुणीत. कुणाची ते ठाऊक नाही.

२ मे

सिस्टरांकडे तिघेही गेलो. त्यांनी गोळा दाबून पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतला शेवटचा बाक आठवला. गोळ्यात इन्सुलिन धड मुरत नाही, म्हणून मात्रा वाढत गेली. तीच वाढलेली मात्रा ताज्या जागी दिली की ती सगळीच्या सगळी रक्तात पोहोचते. जागा बदलायची तर मात्रा आधी कमी करायची असते.

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, जागा बदलता का म्हणून?"

"विचारलं होतं."

"काय म्हणालात?"

हिच्यादेखत मला ते पुन्हा म्हणावं लागलं. हिने फक्त खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्रा उतरवली. डावी बाजू काही महिने बंद. गोळा आपोआप विरेल, म्हणतात. चालायला निघण्याआधी दर वेळी आकडा बघायचा, आणि खाणं पुढे ढकललं जाणार असेल तर सुई घ्यायचीच नाही.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "तुमच्या जिज्ञासेचं मला कौतुक आहे हो. खरंच आहे. तिच्याशीच लग्न केलं मी. पण लेकीचा हात धरून नको."

सुट्टीतल्या उन्हाळी वर्गांसाठी शाळा चालूच आहे; तिला आणायला उद्यापासून ही जाणार. मी होऊन सांगितलं. ही "बरं" म्हणाली, आणि हिने वाद घातला नाही याचंच जास्त लागलं.

९ मे

आठवडाभर दुपारी कचेरीच्या खिडकीत बसतो. शाळा सुटायच्या वेळी हात आपोआप छत्रीकडे जातो. छायाचित्रकार आज शेजारी येऊन बसला. सगळं ठाऊक असूनही त्याने टोमणा मारला नाही. बराच वेळ काच पुसत राहिला आणि म्हणाला, "तू हसत होतास म्हणे. फोटो काढला असता तर झक्क आला असता."

"अगदी," मी म्हणालो.

"तेच वाईट आहे रे," तो म्हणाला आणि उठून गेला.

आकडे नीट आहेत. उजवीकडे वर, उजवीकडे खाली, मांडी, दुसरी मांडी. प्रत्येक जागा तक्रार करते. करू दे. तक्रार करते म्हणजे तिथे मी आहे.

१८ मे

आज खातं परत मिळालं. मी मागितलं नव्हतं. उपसंपादकानेच सकाळी जाहीर केलं, "आज बाबा येईल. पण आधी आकडा." आईने अनुमती दिली.

शाळेच्या दारात ती दप्तरासह उभी. हात पुढे केला नाही. फाटकाशेजारच्या कठड्यावर बसून मी बोट टोचलं, थेंब दिला. यंत्र विचार करत असताना आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. आकडा आला. तिने वाचला, मनाशी काहीतरी पडताळलं, आणि मग माझा हात धरला. पूर्वी मी तिचं बोट धरत असे. आता ती माझं मनगट धरते आणि रस्त्याच्या बाजूने चालते. मी बाजू बदलायला गेलो, तर तिने कोपराने मला आत ढकललं.

मोठ्या रस्त्याशी आलो. मी तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "मी म्हणणार. दक्षिणतः. वामतः. पुनर्दक्षिणतः." उच्चार निर्दोष. मग माझ्याकडे बघत राहिली, माझ्या भुवईकडे.

मी "चला" म्हणालो. आम्ही रस्ता ओलांडला.

आता हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी त्याचाही विनोद करीन. सुईची मला भीती नाही. डोळे, पाय, मूत्रपिंडं, जे जे जाऊ शकतं म्हणून डॉक्टरीणबाई सांगतात, त्याचीही भीती वाटून पाहिली. ती वाटते तेवढी मोठी नाही. मी जन्मभर बघण्याचंच काम केलं. काही बिघडलं तर ते मला आधी दिसेल, असं धरून चाललो होतो. त्या दुपारी रस्त्याच्या मधोमध माझी मुलगी माझा पट्टा धरून रडत होती, ती मला ओळखू आली नाही, आणि मला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही. मी आनंदात होतो. मला भीती वाटते ती त्या आनंदाची.